परसबागेचे घड्याळ

मेथीची एकच पुडी दोन वेळा पेरून पाहा. निम्मे बी नोव्हेंबरच्या सुरुवातीला आणि उरलेले एप्रिलमध्ये. माती तीच, वाफा तोच, पाणी घालणारे हातही तेच. नोव्हेंबरची मेथी रुंद पानांची, लुसलुशीत येते. खुडली तर पुन्हा फुटते. एप्रिलची मेथी मात्र वीतभर होते न होते तोच फुलावर येते. बी खराब निघाले म्हणून आपण दुकानदाराला दोष देतो. पण बी तर तेच होते! मग बदलले काय?

बाजारात आज जवळजवळ सगळ्या भाज्या बारा महिने दिसतात. त्यामुळे 'गाजर कोणत्या ऋतूत येते?' या प्रश्नाला 'मंडईत नेहमीच असते' असे उत्तर मुलांनी दिले तर नवल नाही. खडकवासल्यासारख्या गावात घरामागे चार वाफे असणे ही अगदी साधी गोष्ट होती. २०२१ साली हे गाव पुणे महापालिकेत गेले. वस्ती वाढते तसे परस आक्रसतात. जे उरले आहेत त्यांत काय, केव्हा लावायचे हे ठरवताना झाडाजवळची घड्याळे वाचता यायला हवीत. अशी तीन घड्याळे येथे पाहू.

पहिले घड्याळ : दिवसाची लांबी

खडकवासला विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे १८.४ अंशांवर आहे. येथे जूनमधला सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरमधला सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. सव्वादोन तासांचा हा फरक आपल्याला फारसा जाणवत नाही. वनस्पतींना मात्र नेमका कळतो.

१९२० साली अमेरिकेतील गार्नर आणि अ‍ॅलार्ड या शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिले. त्यांच्याकडची तंबाखूची एक जात उन्हाळाभर नुसती वाढत असे, फुलत नसे. भर उन्हाळ्यात रोज काही तास ती झाडे अंधाऱ्या खोपटात ठेवून त्यांनी तिचा दिवस लहान केला. झाडे फुलली! वनस्पतींच्या या गुणाला दीप्तिकालिता म्हणतात. पुढे असे आढळले, की झाड प्रत्यक्षात मोजते ती रात्र, म्हणजे सलग अंधाराचे तास.

आपल्या परसातले उदाहरण वालाचे. वालाचा गावठी वेल जूनमध्ये लावला तरी पावसाळाभर मांडवावर नुसता पसरतो. दिवस लहान होऊ लागल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास, तो फुलावर येतो. 'वेल माजला, फुलत नाही' म्हणून ऑगस्टमध्ये तो उपटून टाकणारा माणूस घड्याळ न पाहता गाडी चुकली म्हणणाऱ्यासारखा!

कांद्याचे गणित उलटे आहे. दिवस पुरेसा मोठा झाला आणि उष्णता वाढू लागली की त्याची पात वाढायची थांबते आणि गड्डा भरतो. डिसेंबर-जानेवारीत लावलेली रब्बी कांद्याची रोपे थंडीत पात वाढवतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये गड्डे धरतात. आपल्या जातींना यासाठी अकरा-बारा तासांचा दिवस पुरतो. उत्तर युरोपातील अनेक जातींना मात्र चौदा तासांहून मोठा दिवस लागतो. असा दिवस खडकवासल्याला कधीच उगवत नाही. तिकडून हौसेने आणलेले बी येथे पेरले तर बहुधा पातच खावी लागेल.

दुसरे घड्याळ : तापमान

टोमॅटोच्या झाडाला एप्रिल-मेमध्ये फुले येतात, पण देठापासून गळून पडतात. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर आणि रात्रीचे २२-२४ अंशांच्या वर राहू लागले, की परागकण नीट तयार होत नाहीत आणि फळधारणा होत नाही. अशा वेळी खत वाढवून उपयोग नसतो.

फ्लॉवरचा गड्डा म्हणजे न उमललेल्या फुलोऱ्याचा गुच्छ. तो धरण्यासाठी थंडावा लागतो. किती, ते जातीवर अवलंबून असते. लवकर येणाऱ्या भारतीय जाती २० ते २७ अंशांतही गड्डा धरतात. 'स्नोबॉल' गटातल्या उशिरा येणाऱ्या जातींना १० ते १६ अंशांची थंडी हवी. म्हणून 'फ्लॉवरचे बी द्या' एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या महिन्यात लावायचे तेही सांगावे लागते.

तिसरे घड्याळ : पाणी

हे घड्याळ फळझाडांत ठळक दिसते. आपल्याकडे फळबागांत तीन बहार धरतात : जून-जुलैत फुलणारा मृग, सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलणारा हस्त आणि जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबे बहार. बहारापूर्वी झाडाचे पाणी तोडतात. याला ताण देणे म्हणतात. वाढ थांबते, तयार झालेले अन्न फांद्यांत साठते आणि पुन्हा पाणी मिळताच नव्या फुटीबरोबर फुले येतात.

परसातल्या पेरूला उन्हाळ्यात ताण पडू द्यावा. मृगाच्या पावसावर तो फुलतो आणि थंडीत गोड फळे देतो. लिंबाचा हस्त बहार धरला तर उन्हाळ्यात, ऐन गरजेच्या वेळी, लिंबे मिळतात. पण त्यासाठी पावसाळ्यातच ताण बसायला हवा, आणि तिथेच अडते. पपईला मात्र ताण देऊ नये, आणि तिच्या बुंध्याशी पाणीही साचू देऊ नये.

बाग किती पाणी पिते?

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. आपल्या भागात मेमध्ये भरलेल्या वाफ्यातून, माती आणि पाने मिळून, रोज सुमारे सहा-सात मिलिमीटर पाणी उडून जाते. हिवाळ्यात साधारण तीन-चार. आता वीस चौरस मीटरची बाग घ्या. हिवाळ्यात तिला दिवसाला ६० ते ८० लिटर पाणी पुरते. मेमध्ये १२० ते १४० लिटर लागते. शहरातील माणसाला रोज १३५ लिटर पाणी मिळावे, असा आपल्याकडचा मापदंड आहे. म्हणजे मे महिन्यात भरगच्च ठेवलेली ही लहानशी बाग जवळजवळ एका माणसाचे पाणी पिते!

पुण्याचे पिण्याचे पाणी आणि दौंड-इंदापूरकडच्या शेतीचे पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणसाखळीतून येते. धरणाच्या काठी राहिले म्हणून हे गणित बदलत नाही. बागेतल्या लागवडीचा महिना निवडणे म्हणजे पाण्याचा वाटा निवडणेही असते.

वर्षाची आखणी

*पावसाळा.* पाणी फुकट, पण निचरा हवा. म्हणून गादीवाफे किंवा वरंबे करावेत. भेंडी, गवार, अळू, माठ लावावेत. दोडका, पडवळ, कारले, दुधी मांडवावर चढवावेत. हवा खेळती राहिली की पानांवर बुरशी कमी येते. भाद्रपदातली ऋषिपंचमीची भाजी आठवा. बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, म्हणून ती परसातल्या अळू, माठ, भोपळा, दोडका, पडवळ, भेंडी, सुरण, मक्याची कणसे यांची करतात. पावसाळी परसाची ती यादीच आहे.

*हिवाळा.* परसाचा सर्वांत उदार काळ. मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा, गाजर, कोबी, फ्लॉवर, टोमॅटो, कांदा, लसूण. आता पाणी टिकवायचे, म्हणून सपाट वाफे. मेथी-कोथिंबीर एकदम न पेरता दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरावी.

*उन्हाळा.* फार हाव धरू नये. शेवगा, कढीपत्ता, पपई, सावलीतला अळू, दोन-चार वेल एवढे पुरे. तांदूळ आणि भाज्या धुतलेले पाणी त्यांनाच घालावे, मातीवर पालापाचोळ्याचे जाड आच्छादन ठेवावे. उरलेल्या वाफ्यांना विश्रांती द्यावी.

करून पाहा

१. दर महिन्याच्या एक तारखेला एकसारख्या कुंडीत मेथीचे वीस दाणे पेरा. किती दिवसांनी उगवले, किती दिवसांनी पहिले फूल आले आणि तोवर उंची किती झाली, याची नोंद वर्षभर ठेवा. सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा आणि रोजचे तापमान शेजारी लिहा.

२. वालाचा किंवा शेवंतीचा एक वाफा रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात आणि एक अंधाऱ्या बाजूला ठेवा. आधी कोण फुलते?

३. घोसाळ्याची फुले सकाळी उमलतात, दोडक्याची उतरत्या दुपारी. दोन्हींवर येणारे कीटक तेच असतात का?

पहिल्या प्रयोगात एप्रिलची कुंडी लवकर फुलेल आणि मुले म्हणतील, 'ही मेथी फसली.' तेव्हा घाईने उत्तर देऊ नये. वर्षभराची नोंद मुलांसमोर ठेवावी आणि कोण चुकले, मेथी की पेरणारा, हे त्यांनाच ठरवू द्यावे.