रूळ कुर्डुवाडीचे, कंपनी लंडनची

१८५९ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेचा मुंबई–सोलापूर मार्ग दिक्सळच्या पुढे सरकला आणि आजच्या कुर्डुवाडीला स्टेशन झाले. नाव मात्र ‘बार्शी रोड’. व्यापार होता तो एकवीस मैलांवरच्या बार्शीत. तिथला कापूस आणि गळिताचा माल बैलगाड्यांनी या स्टेशनावर येई. ही एकवीस मैलांची तुटलेली वाट जीआयपीतच नोकरी केलेल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनियरने हेरली. जुलै १८९५ मध्ये ‘बार्शी लाईट रेल्वे कंपनी’ स्थापन झाली, पण बार्शीत नव्हे आणि मुंबईतही नव्हे. तिची नोंदणी लंडनला झाली.

अडीच फुटी रूळ, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार नाही, लीड्सच्या किटसन कारखान्यातली इंजिने, आणि डबे-वाघिणींच्या चाचण्या लीड्सजवळच्या न्यूले येथे. मार्च १८९७ मध्ये गाडी सुरू झाली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोहोचली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. एकूण लांबी सव्वातीनशे किलोमीटर. वाटेत राज्ये बदलत. लातूर निजामाच्या मुलखात, तिथे हाली सिक्का रुपया चाले. मिरज पटवर्धनांचे संस्थान. कुर्डुवाडीच्या फलाटावर इंग्रजी अमलाचा रुपया. भागधारकांचा हिशेब मात्र पौंडात.

परदेशात कंपनी, दुसऱ्याच देशात धंदा आणि तिसरीकडे नाणे, हे सगळे आज ‘ऑफशोअर’ या शब्दाने ओळखले जाते आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पनामा किंवा केमन बेटे येतात. कुर्डुवाडीकरांनी त्याचाच एक जुना नमुना दारात पाहिला. त्यात चोरीचे काही नव्हते. भांडवल लंडनच्या बाजारात मिळत होते, म्हणून कंपनी तिथे निघाली. पण तिकिटाचे पैसे वारकऱ्याचे आणि माल बार्शीच्या अडत्याचा असताना नफ्याचे काय करायचे याचा निर्णय समुद्रापलीकडे होत होता, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

इथला रुपया तिकडे पौंड होऊन पोहोचायचा कसा? हे काम ‘एक्स्चेंज बँका’ करीत. चार्टर्ड बँक, नॅशनल बँक ऑफ इंडिया, मर्कंटाइल बँक यांची मुख्यालये लंडनला आणि शाखा मुंबई-कलकत्त्याला. इथे रुपये भरायचे, लंडनवर हुंडी घ्यायची, तिकडे ती वटवायची. भाव रोजचा. १८९३ मध्ये सरकारने टांकसाळीत लोकांच्या चांदीची नाणी पाडून देणे थांबवले, तरीही त्यानंतरच्या दोन वर्षांत रुपया घसरून तेरा पेन्सच्या आसपास आला. १८९८ नंतर तो सोळा पेन्सवर स्थिरावला आणि १९२७ च्या चलन कायद्याने अठरा पेन्स ठरला. एका पौंडाचे तेव्हा दोनशे चाळीस पेन्स. म्हणजे कमाईतले एक लाख रुपये लंडनला पाठवले तर तेरा पेन्सच्या भावाने सुमारे ५,४१७ पौंड, सोळाच्या भावाने ६,६६७ आणि अठराच्या भावाने ७,५०० पौंड. एक तिकीट जास्त विकले नाही, एक पोते जास्त वाहिले नाही, तरी भागधारकाच्या हाती जास्त पैसे. परदेशी खाते उघडणाऱ्या माणसाने कराच्या आधी हे गणित करावे, आणि बहुतेक जण तेच करीत नाहीत.

अशा कंपनीचे घर कोणते, यावर इंग्रजी कोर्टांत भांडणे झाली. १८७६ च्या ‘कलकत्ता ज्यूट मिल्स’ खटल्यात गिरणी बंगालमध्ये, कामगार बंगालमध्ये. तरी कोर्ट म्हणाले, संचालक लंडनला बसून सूत्रे हलवतात, तेव्हा कंपनी इंग्लंडचीच, कर तिथे. मग १९२९ मध्ये ‘इजिप्शियन डेल्टा’ खटल्यात नेमके उलटे घडले. कंपनी लंडनला नोंदलेली, कारभार कैरोतून. हाउस ऑफ लॉर्ड्सने ती ब्रिटनची रहिवासी नाही असे ठरवले. लंडनचा कागद आणि लंडनचा कर नाही! आजच्या करस्वर्गांची एक मुळी या निकालात आहे, असे अनेक अभ्यासक मानतात.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्धाबरोबर विनिमय नियंत्रण आले आणि १९४७ च्या कायद्याने ते पुढे चालू राहिले. १९५४ मध्ये भारत सरकारने बार्शी लाईट विकत घेतली. अरुंद रूळ पुढे अर्धशतक टिकले. पंढरपूरपर्यंत रुंदीकरण २००१ मध्ये झाले.

आता वाट उलटी आहे. डाळिंब किंवा टॉवेल निर्यात करणारा सोलापूरकडचा तरुण दुबईत कंपनी काढायचे म्हणतो, सॉफ्टवेअरवाला एस्टोनियाचे ई-रेसिडेन्सी कार्ड मागवतो. कार्ड २०१४ पासून मिळते, पण ते मिळाले म्हणून बँक खाते उघडेलच असे नाही. कंपनी काढणे सोपे झाले आहे, खाते मिळणे अवघड. नोंदणीपत्र, संचालक मंडळाचा ठराव, पत्त्याचा पुरावा, कागदांवर अपोस्टील (परदेशात चालणारा सरकारी प्रमाणशिक्का), आणि मग खरे प्रश्न: पैसा कुठून आला, गिऱ्हाईक कोण, याच देशात खाते का, आणि कागदावरच्या नावांमागे खरा मालक कोण? ब्रिटनमध्ये पंचवीस टक्क्यांहून अधिक हिस्सा असणाऱ्याचे नाव नोंदवावे लागते. भारतातल्या बँकांना कंपनीच्या बाबतीत दहा टक्क्यांहून अधिक हिस्सा असणारा शोधावा लागतो. २०१६ मध्ये पनामा पेपर्स बाहेर पडल्यावर या चौकशीला धार आली. ती जाचक वाटते, पण तिच्यात न्याय आहे. लंडनच्या कंपनीला कुर्डुवाडीचा माणूस हे प्रश्न विचारू शकत नव्हता.

इकडची बाजूही पक्की करावी लागते. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. २००४ मध्ये ही मर्यादा पंचवीस हजार होती. पण परदेशी कंपनीत भांडवल घालायचे तर ऑगस्ट २०२२ चे नियम लागतात. पैसे निघण्याआधी आपल्या बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेचा ओळख क्रमांक घ्यावा लागतो. ‘आधी पाठवू, मग कागद करू’ हा सल्ला देणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवावे.

प्राप्तिकर विवरणात परदेशी मालमत्तेचे स्वतंत्र परिशिष्ट असते. खात्यात शिल्लक फार नाही, म्हणून ते सोडून चालत नाही; २०१५ च्या काळा पैसा कायद्यात न दाखवल्याबद्दल दहा लाख रुपयांच्या दंडाची तरतूद आहे, छोट्या रकमांना अलीकडे सवलत मिळाली असली तरी. लपवण्यातही आता अर्थ उरलेला नाही. २०१७ पासून भारत आणि अनेक देश खात्यांची माहिती एकमेकांना आपोआप पाठवतात.

कलकत्त्याच्या गिरणीचा जुना प्रश्नही परत आला आहे. कंपनी दुबईची, पण सगळे निर्णय माढा तालुक्यातल्या घरातून होत असतील तर ती कुठली? २०१७-१८ या करनिर्धारण वर्षापासून भारतही प्रत्यक्ष कारभार कुठून चालतो हे पाहतो. वर्षाला पन्नास कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्या परदेशी कंपन्यांना ही कसोटी लावली जात नाही, त्यामुळे छोटा निर्यातदार तिच्यातून सुटतो. मात्र दहा टक्के किंवा त्याहून अधिक हिस्सा असेल, तर दर वर्षी ३१ डिसेंबरच्या आत परदेशी कंपनीच्या कामगिरीचा अहवाल आपल्या बँकेकडे द्यावाच लागतो, आणि तो राहिला तर पुढची रक्कम पाठवताना तीच बँक आधी मागची थकबाकी विचारते.