यंत्राच्या हाती कोणते हत्यार द्यावे?

संगणकावरील खेळ कसा तयार होतो याची कल्पना आपल्यापैकी पुष्कळांना नसते. चित्रकार, संगीतकार, प्रोग्राम लिहिणारे अशी माणसे महिनोन्‌महिने खपतात तेव्हा एक खेळ उभा राहतो. त्यांचे काम युनिटी, अनरिअल, गोडो अशा नावांच्या प्रणालींत चालते. आम्ही त्यांना कारखानाच म्हणतो. कारण कच्चा माल, हत्यारे आणि तयार माल तेथे एकाच छपराखाली असतात.

या कारखान्यात आता एक नवा गडी आला आहे. त्याला एजंट म्हणतात. (आपल्याकडे एजंट म्हटले की विम्याचा नाहीतर जमिनीचा मध्यस्थ डोळ्यांपुढे येतो, हा तसला नव्हे.) कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा हा एजंट सांगितलेले काम आपल्या आपण पार पाडतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाची पद्धत जाहीर केली, आणि त्याच्या हाती हत्यारांची पेटी देणे सोपे झाले. दृश्यात दिवा लावणे, वस्तूला रंग देणे ही त्यातली साधी हत्यारे. पण त्याच पेटीत फाइल पुसणे, जुन्या दृश्यावर नवे लिहिणे, वाटेल तो प्रोग्राम चालविणे हीही असतात.

पुसलेले परत आणता येत नाही काय? युनिटीचे उदाहरण घेऊ. तेथे एका आज्ञेने चित्र संगणकाच्या कचरापेटीत जाते, तेथून ते उचलता येते. दुसऱ्या आज्ञेने ते थेट पुसले जाते. शिवाय प्रत्येक चित्राबरोबर एक छोटी फाइल असते व तीत त्या चित्राचा ओळखक्रमांक असतो. खेळातील दृश्ये चित्राला नावाने ओळखत नाहीत, या क्रमांकाने ओळखतात. ती फाइलही गेली आणि एजंटाने त्याच नावाचे चित्र पुन्हा करून ठेवले, तरी क्रमांक नवा पडतो आणि जुनी दृश्ये त्या चित्राला मुकतात. फाइल जागेवर दिसते, म्हणून बिघाड कोणाच्या लवकर ध्यानातही येत नाही.

‘पुसू नकोस’ असे बजावले की झाले, असे काहींना वाटते. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या प्रणालीतील एजंटाने, काहीही बदलू नये अशी स्पष्ट ताकीद असताना, चालू माहितीसाठा पुसून टाकला. त्यात बाराशेहून अधिक अधिकाऱ्यांच्या नोंदी होत्या. ती माहिती पुढे परत मिळविता आली, पण ताकीद म्हणजे कुलूप नव्हे हे दिसून आले. वर सांगितलेल्या पद्धतीत हत्याराला ‘विध्वंसक’ अशी चिठ्ठी लावण्याची सोय आहे. मात्र ती केवळ सूचना असून परक्याने लावलेल्या चिठ्ठीवर विसंबू नये, असे त्याच नियमांत म्हटले आहे.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने यंत्राच्या धोक्याच्या भागाला कुंपण सक्तीचे केले होते. चालत्या यंत्राजवळ जावेच लागले, तर खास शिकविलेल्या आणि नोंदवहीत नाव असलेल्या कामगारानेच जावे, असे त्याचे २२ वे कलम सांगत असे. केवळ ‘सावधान’ अशी पाटी लावून मालकाची सुटका नव्हती.

तोच न्याय येथे लावावा असे आम्हांस वाटते. दिवे लावण्याचे काम असेल तर पुसण्याचे हत्यार पेटीत ठेवूच नये. वाटेल तो प्रोग्राम चालविण्याची मुभा तर मुळीच नको. ती दिली की बाकीची बंदी म्हणजे दाराला कुलूप आणि भिंतीला भगदाड. एजंटाने प्रतीवर काम करावे, आणि मूळ माल त्याचा हात पोहोचणार नाही अशा जागी असावा.

राहिली माणसाची संमती. दर दोन मिनिटांनी ‘होय की नाही’ विचारले की माणूस न वाचता ‘होय’ दाबतो. पगारपत्रकावर न वाचता अंगठे उठलेले आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. म्हणून थोडे विचारावे, आणि विचारताना किती फाइली जाणार, कोणती दृश्ये मोडणार हे सांगावे.

आणि नुकसान झाले की ठपका कोणावर? बहुधा ‘होय’ दाबणाऱ्या नवशिक्या पोरावर. पेटी उघडी ठेवण्याचा निर्णय वरच्यांचा असतो. तेव्हा नोंदवहीत पहिले नाव, कोणाच्या हुकमाने हे हत्यार दिले, त्याचे हवे. आणि ज्या चित्रकाराचे काम पुसले जायचे आहे, त्याला आधी विचारले पाहिजे.