गव्हाणच्या ओट्यावरचं वाळवंट

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाटावर नवी केरसुणी येते, तिला हळदकुंकू लागतं आणि दुसऱ्या दिवसापासून ती कामाला जुंपली जाते. पनवेल तालुक्यातलं गव्हाण गावही याला अपवाद नाही. ही केरसुणी शिंदीच्या पानांची. शिंदी आणि खजूर एकाच कुळातले, आणि समुद्रापलीकडच्या अरबस्तानात अंगणं झाडली गेली तीही खजुराच्या पात्यांच्या झाडूनं. म्हणजे अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवर झाडूचं घराणं एकच. गेल्या काही वर्षांत धुळीचंही तसंच व्हायला लागलं आहे.

२३ जानेवारी २०२२ चा रविवार मुंबई-पनवेल पट्ट्यातल्या अनेकांच्या लक्षात असेल. कराचीच्या बाजूनं आलेल्या धुळीनं आभाळ पांढुरकं झालं, भर दुपारी गारवा आला आणि उभ्या गाड्यांवर पिठीसारखा थर बसला. पुढे १३ मे २०२४ ला वळिवाच्या आधीचं धुळीचं वादळ आलं. मुंबईत घाटकोपरचं होर्डिंग कोसळलं तोच हा दिवस.

शिवाय गव्हाणला धुळीसाठी परदेशाकडे बघायची गरज नाही. शेजारीच नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याचा नव्वदेक मीटर उंचीचा डोंगर सुरुंग लावून सपाट करण्यात आला. भातखाचरं आणि मिठागरं यांच्या जागी उलव्याचे टॉवर उभे राहिले, जेएनपीटी बंदराचे कंटेनर गव्हाण फाट्यावरून धावू लागले. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं, तरी बांधकाम थांबलेलं नाही. सकाळी पुसलेल्या ओट्यावर संध्याकाळी बोटानं नाव लिहिता येतं. म्हणून दिवाळीच्या ऑफरमध्ये व्हॅक्यूम क्लीनर घ्यावा का, हा प्रश्न इथल्या घरांत निघतो. आणि त्याचं उत्तर शोधायला वाळवंटातल्या घरांकडे बघणं शहाणपणाचं, कारण या यंत्राची खरी परीक्षा तिथे होते.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. वाळवंटातल्या घराला वाळूचा त्रास तसा कमीच. वाळूचा कण जड असतो, वाऱ्यावर तो उडण्यापेक्षा उड्या मारत जातो आणि उंबरठ्यापाशी थबकतो. घरात शिरतो तो त्याच्याहून कितीतरी बारीक फुफाटा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. हजारो किलोमीटर प्रवास करणारे कण बहुतेक २० मायक्रॉनच्या आतले. फिल्टरची चाचणी घ्यायला जगभर जी प्रमाणित धूळ वापरतात, तिला 'ॲरिझोना टेस्ट डस्ट' म्हणतात. अमेरिकेच्या ॲरिझोनातल्या वाळवंटी मातीपासून ती तयार करतात आणि आयएसओच्या मानकात तिच्या अतिबारीक ते जाड अशा चार प्रती ठरलेल्या आहेत. धूळ विकत मिळते, हे गव्हाणकरांना सांगितलं तर ते हसतील.

व्हॅक्यूम क्लीनर हे यंत्र मुळात गालिच्यांसाठी जन्मलं. १९०१ मध्ये लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या अभियंत्यानं धूळ फुंकून उडवणारं एक यंत्र पाहिलं आणि त्याला वाटलं, फुंकण्याऐवजी ओढून का घेऊ नये? त्यानं हॉटेलातल्या गादीच्या खुर्चीवर रुमाल ठेवला, तोंड लावून जोरात श्वास ओढला. ठसका लागला, पण रुमालाच्या खालच्या बाजूला काळा डाग उमटला. त्याचं पहिलं यंत्र घोडागाडीवरून फिरे आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरात सोडल्या जात. भारतात घरोघरी हे यंत्र पोहोचवलं ते १९८२ मध्ये सुरू झालेल्या युरेका फोर्ब्सच्या टाय लावलेल्या विक्रेत्यांनी. दिवाणखान्यात सतरंजीवर मुद्दाम धूळ टाकून ती ओढून दाखवण्याचा त्यांचा प्रयोग मध्यमवर्गीय घरांना चांगलाच आठवत असेल. त्यातली बरीच यंत्रं पुढे माळ्यावर गेली. दोष यंत्राचाच होता असं नाही. आपल्याकडे लादी असते, गालिचा नाही, आणि लादीवर रोज झाडू-पोछा होतोच.

लादी आणि फुफाटा असेल तर खोक्यावरच्या दोन आकड्यांना फार भुलू नये. पहिला आकडा वॉटचा. यंत्र किती वीज खातं एवढंच तो सांगतो. युरोपीय संघानं २०१४ मध्ये १६०० आणि २०१७ मध्ये ९०० वॉटची मर्यादा घातली, तरी तिथली घरं घाण राहिली नाहीत. त्यात ही वीज शेवटी जवळजवळ सगळी उष्णता बनून खोलीतच राहते. मे महिन्यात बंद खोलीत १६०० वॉटचं यंत्र चालवणं म्हणजे हीटर लावून घर झाडणं. दुसरा आकडा किलोपास्कलचा, म्हणजे खेचण्याच्या जोराचा. कमाल जोर मोजतात तो नळीचं तोंड बंद करून, हवा अजिबात वाहत नसताना. पण कण उचलून नेते ती वाहती हवा. सेकंदाला किती लिटर हवा यंत्रातून जाते, हा आकडा खोक्यावर क्वचितच सापडतो आणि विचारायला हवा तो हाच.

उष्ण प्रदेशात यंत्र मरतं ते बहुधा ही हवा अडल्यामुळेच. साध्या घरगुती यंत्रात ओढलेली हवाच गाळून मोटरीवरून जाते आणि तिला थंड ठेवते. बारीक धुळीनं फिल्टरची छिद्रं बुजली की हवा कमी होते आणि मोटर तापते. आतलं संरक्षक बटण ती बंद पाडतं. घरातले म्हणतात, "बिघडलं." अर्ध्या तासानं ते पुन्हा सुरू होतं आणि पुन्हा बंद पडतं. बाहेरच ४५ अंश असतील तर मोटरीला उसंत कुठली? पिशवी अर्धी रिकामी दिसते, पण तिचा कागद आतून चोंदलेला असतो. जाड केर पिशवी भरतो, फुफाटा तिचा श्वास कोंडतो.

यावरचा उपाय रायगडातल्या जुन्या भाताच्या गिरणीत बघायला मिळतो. तूस उडवून नेणारी हवा पत्र्याच्या शंकूत गरगर फिरते, जड ते कडेला आपटून खाली पडतं, हवा वरून निघून जाते. उपणण्याचंच हे यांत्रिक रूप. ब्रिटनमधल्या जेम्स डायसननं लाकूड-कारखान्यातला असाच शंकू पाहून घरगुती यंत्र करायला घेतलं आणि ५,१२७ नमुन्यांनंतर ते त्याच्या मनासारखं झालं. शंकूनं बहुतेक धूळ आधीच बाजूला पडते, फिल्टरवरचा भार घटतो. अतिबारीक कण मात्र शंकूलाही चकवतात, तेव्हा त्याच्या मागे धुता येणारा फिल्टर आणि त्याहीमागे हेपा हवाच. हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा कागद.

पण कागद कितीही चांगला असला तरी भोवतीचं रबर सैल असेल तर हवा आडवाटेनं जाते. हे घरीच तपासता येतं. सकाळचं ऊन खिडकीतून तिरपं आत येतं तेव्हा यंत्राचं मागचं तोंड त्या कवडशात धरावं. कवडशात कण नाचू लागले तर धूळ एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेण्यासाठीच आपण वीज जाळतो आहोत. यंत्र बंद केल्यावर झाकणाच्या सांध्यावरून बोट फिरवावं, करडी रेघ उमटली तर गळती तिथेच आहे.

वाळवंटाचा धडा गव्हाणला इथपर्यंत लागू पडतो. मग जून येतो. दुबईत वर्षभरात शंभरेक मिलिमीटर पाऊस पडतो, पनवेल तालुक्यात अडीच हजारांच्या वर. वाळवंटात धुतलेला फिल्टर दोन तासांत खडखडीत वाळतो, इथे श्रावणात दोन दिवस दोरीवर ठेवला तरी दमट राहतो, आणि ओला फिल्टर लावून यंत्र चालवलं की आत चिखल. कागदी पिशवीला बुरशीचा वास येतो तो वेगळाच. म्हणून इथे फिल्टरचा जादा जोड घरात असायलाच हवा: एक यंत्रात, एक वाळत. धूळ पाण्यात अडकवणारी यंत्रं विक्रेते कौतुकानं दाखवतात. ती वाईट नाहीत, पण पाणी त्याच दिवशी ओतून टाकलं नाही तर टाकीत गटार तयार होतं. ओलंसुकं दोन्ही ओढणाऱ्या यंत्रात मोटर थंड करायला बहुधा वेगळी हवा असते, त्यामुळे फिल्टर तुंबला तरी ती लगेच तापत नाही. गव्हाणसारख्या गावात, जिथे अर्धं वर्ष धुरळा आणि अर्धं वर्ष चिखल, तिथे हे बोजड यंत्र देखण्या काडीसारख्या यंत्रापेक्षा उजवं ठरतं. काडीवाल्याची आणखी एक अडचण म्हणजे बॅटरी. लिथियमची बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असं सांगतात, आणि आपल्याकडे चार्जर हमखास टांगलेला असतो तो उन्हाच्या बाल्कनीत.

दुकानात यंत्र सुरू करून दाखवतात तेव्हा फिल्टर कोरा असतो. तेव्हा कुठलंही यंत्र उत्तमच ओढतं. दुकानदाराला ते बंद करायला सांगावं, मागचं झाकण उघडून फिल्टर हातात घ्यावा आणि विचारावं, "हा सुटा मिळतो का? केवढ्याला? आणि पुढच्या दिवाळीला मिळेल?"