वर गेलेला क्लब आणि पार्क सर्कसचे चाचा

बँकेने २०२१ मध्ये माझी बदली कोलकात्याला केली, तेव्हा घरात पहिला प्रश्न उठला तो मुलाच्या शाळेचा आणि दुसरा मासळीचा. फुटबॉलचा विचार कोणाच्या मनातही नव्हता. आम्ही मूळचे चिपळूणकडचे, क्रिकेटवाले. पार्क सर्कसला भाड्याचे घर मिळाले. खाली एका दर्जीभाईंचे दुकान आणि समोर सत्तरीकडे झुकलेले एक चाचा. पहिल्याच आठवड्यात चाचांनी माझ्या दहा वर्षांच्या मुलाला थांबवून विचारले, "बेटा, टीम कोणती?" मुलाने मुंबई इंडियन्सचे नाव घेतले. चाचांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले, जणू पोर रोजा सोडून भजी खाताना सापडले आहे.

त्यांची टीम म्हणजे मोहामेडन स्पोर्टिंग. पांढरा-काळा रंग आणि "जान जान मोहामेडन" ही आरोळी. हा क्लब १८९१ चा. योगायोग असा, की आपल्या मुंबईची रोव्हर्स कप स्पर्धाही त्याच वर्षी सुरू झाली. हे चाचांना मी सांगितले आणि तेव्हापासून त्यांच्या लेखी मला थोडी किंमत आली. माझे मामू नागपाड्याहून चालत कूपरेजला जात. मोहामेडनने १९८७ साली रोव्हर्स कप जिंकला, त्याच्या गोष्टी त्यांनी आम्हाला लहानपणी सांगितल्या होत्या. तेव्हा मी कान दिला नाही. कोलकात्यात त्या गोष्टी मला व्याजासकट परत ऐकाव्या लागल्या.

आजच्या मुलांना हा इतिहास ठाऊक नसतो, म्हणून थोडक्यात सांगतो. १९३४ साली मोहामेडनने कलकत्ता फुटबॉल लीग जिंकली. त्याआधी ही लीग एकाही भारतीय संघाला जिंकता आली नव्हती. गोऱ्या पलटणी आणि गोऱ्यांचे क्लब ती आपसांत वाटून घेत. १९३४ ते १९३८ सलग पाच वर्षे लीग यांच्याकडे राहिली. त्या काळी आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत आणि पावसाळ्यात मैदानाचा चिखल झाला की बूटवाल्यांपुढे घसरत. क्लबच्या कारभाऱ्यांनी ओल्या मैदानासाठी हलके बूट घ्यायला लावले. शिवाय खेळाडू केवळ बंगालचे घेतले नाहीत. बंगलोर, दिल्ली, थेट क्वेट्टाहूनही आणले. १९४० मध्ये दिल्लीला ब्रिटिश रेजिमेंटच्या संघाला २-१ ने हरवून ड्युरँड कप घेतला आणि त्याच वर्षी मुंबईत रोव्हर्सही. याच क्लबचा मोहम्मद सलीम १९३६ मध्ये स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबकडून पायाला पट्ट्या बांधून, बुटांशिवाय खेळला होता. चाचा सलीमची गोष्ट अशी सांगत की आपण त्याच्या पायाला पट्ट्या बांधायला हजर होतो असे वाटावे. चाचांचा जन्म तेव्हा व्हायचा होता.

पण एवढ्या मोठ्या नावाच्या मागे लांबलचक उतरण होती. मोहामेडनने कलकत्ता लीग १९८१ साली जिंकली. त्यानंतर थेट २०२१. चाळीस वर्षे! मधल्या काळात मोहन बागान आणि ईस्ट बेंगाल पुढे गेले, पैसा त्यांच्याकडे गेला. मोहामेडन २०१४ मध्ये आय-लीगमधून खाली घसरला आणि २०२० पर्यंत दुसऱ्या श्रेणीत राहिला. चाची म्हणाल्या, "१९८१ ला मी नवी नवरी होते. नंतर मुलं झाली, मुलांची लग्नं झाली, नातवंडं झाली. ह्यांची लीग काही येईना." चाचींनी मैदानात पाऊल टाकलेले नाही, पण कोणत्या वर्षी कोणाकडून किती गोलांनी हरलो हे चाचांपेक्षा त्यांना जास्त पाठ. हरल्याच्या रात्री जेवणाचे ताट कोण परत ढकलते, हे त्यांनाच पाहावे लागले ना.

आम्ही गेलो त्याच वर्षी नोव्हेंबरात ती लीग आली. रेल्वेच्या संघावर १-० ने विजय मिळाला आणि त्रिनिदादच्या मार्कस जोसेफने गोल केला. चाचांनी माझ्या मुलाला दुकानातून मिष्टी दोई आणून दिले आणि जाहीर केले, की हे पोर पायगुणाचे आहे. अशा गोष्टींवर आपण विश्वास ठेवू नये हे त्यांनाही माहीत, मलाही. मुलगा मात्र त्या दिवसापासून गेला तो गेलाच.

दर्जीभाईंच्या दुकानात रोज संध्याकाळी मजलिस भरे. शिवणयंत्र एकीकडे चालू, चहाचे छोटे भांडे दुसरीकडे. तिथे चाललेला वाद मी तीन वर्षे ऐकला, आणि तो गप्पा म्हणून सोडून देण्यासारखा नव्हता. प्रश्न एकच: क्लबने वर जावे की नाही?

'वर' म्हणजे इंडियन सुपर लीग. ही लीग २०१४ मध्ये सुरू झाली ती बंद दारांची. आत यायचे तर मोठी रक्कम भरा. खेळून वर येण्याचा रस्ताच नव्हता. दार उघडले ते २०२२-२३ च्या हंगामापासून. आय-लीग जो जिंकेल त्याला वरची जागा, प्रवेशाची रक्कम न भरता. पंजाबचा संघ त्या रस्त्याने पहिला गेला.

त्यामुळे १४ मे २०२२ ची ती संध्याकाळ चाचांना दुप्पट बोचली. आय-लीगचा शेवटचा सामना, सॉल्ट लेकचे मैदान, समोर केरळचा गोकुलम. मोहामेडन जिंकता तर विजेता. १-२ ने हरला. मी मुलाला घेऊन गेलो होतो. परत येताना बसमध्ये माणसे अशी बसली होती, जशी दफनविधीहून येतात. दर्जीभाई म्हणाले, "जिंकलो असतो तरी वर कुठे जाणार होतो? यंदा दार बंदच होतं." चाचा एवढेच म्हणाले, "दार बंद असलं तरी दारापर्यंत पोहोचायचं असतं."

त्या संघाचे प्रशिक्षक रशियाचे आंद्रेई चेर्निशोव्ह होते. मध्ये ते गेले आणि २०२३ मध्ये परत आले. त्यांच्यावरून मजलिसीत रोज भांडण. दर्जीभाईंचे म्हणणे, माणूस फार सावध. एक गोल झाला की टाके मोजत बसतो. नाक्यावरचा कबाबवाला त्यांच्या बाजूने. चाचा म्हणत, ज्याने शेवटच्या सामन्यात सगळे गमावले त्यालाच परत बोलावले, याचा अर्थ काहीतरी कळून बोलावले आहे. मला फुटबॉलमधले फार कळत नाही, पण बँकेत एवढे शिकलो, की ज्या अधिकाऱ्याचे एकदा मोठे कर्ज बुडाले तो पुढे कागद नीट वाचतो.

खेळाडूंवरून वाद गोड असत. मिझोरामचा डेव्हिड लालहलान्सांगा दर्जीभाईंचा लाडका. कलकत्ता लीगमध्ये त्याने गोलांची रास घातली होती. चाचांचा जीव उझबेकिस्तानच्या मिर्जालोल कासिमोव्हवर. "चेंडू तो पायाने नाही, डोक्याने खेळतो," असे ते म्हणत, आणि त्यांना हेडर म्हणायचे नसे. अर्जेंटिनाचा अलेक्सिस गोमेझ, होंडुरासचा एडी हर्नांडेझ, गोलरक्षक पदम छेत्री, सामद अली मल्लिक. माझ्या पत्नीने एकदा विचारले, "क्लबचं नाव मोहामेडन, आणि खेळाडू जगभरचे?" चाचा म्हणाले, "बाई, हे दार साठच्या दशकातच उघडलं. डेव्हिडचा गुडघा दुखला तेव्हा मी फजरला त्याच्यासाठी दुआ केली. तो रविवारी त्याच्या चर्चला गेला असेल. दोन ठिकाणांहून अर्ज गेला, बिघडलं काय?"

६ एप्रिल २०२४. शनिवार, सव्विसावा रोजा. सामना शिलाँगमध्ये, शिलाँग लाजोंगशी. जिंकले की एक सामना शिल्लक ठेवून विजेतेपद आणि वरची जागा. चाचांच्या खोलीत आम्ही सगळे बसलो, मुलाने मोबाइल उशीला टेकवला. चाचा चष्मा पुसत होते आणि पहिल्याच मिनिटाला गोमेझने गोल केला. चाचांना दिसलाच नाही! ते पुढचा अर्धा तास माझ्या मुलाला तो गोल सांगायला लावत होते. मग लाजोंगला पेनल्टी मिळाली, १-१. दर्जीभाई उठून बाहेर गेले. ते बाहेर असतानाच, दुसऱ्या अर्ध्यात, रशियाच्या कोझलोव्हने दुसरा गोल केला. आत यायला निघाले तर चाचींनी दारातूनच हाताने थांबवले: "तिथेच उभे राहा." सामना संपेपर्यंत बिचारे जिन्यात उभे होते.

२-१. चाचा रडले नाहीत. उठून वुझू केला. ती सत्ताविसावी रात्र होती. तरावीहनंतर रस्त्यावर पांढरे-काळे झेंडे, फटाके, पोरांच्या आरोळ्या. इमामसाहेबांनी पोरांना आवरते घ्यायला सांगितले आणि स्वतः हसत आत गेले. झकारिया स्ट्रीटहून कोणीतरी हलीमचा डबा आणला. आमच्या कोकणात ही रात्र शांत असते. तिथे त्या वर्षी जरा गोंगाट झाला, अल्लाह माफ करो.

त्याच गर्दीत दर्जीभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅनेजरसाब, लग्न तर ठरलं. आता खर्चाचं बोला." त्यांचा हिशेब साधा होता. वरच्या लीगमध्ये येताना रक्कम माफ असली तरी टिकायला पैसा लागतो: परदेशी खेळाडू, प्रवास, सरावाचे मैदान, मुलांची अकादमी. आपण वर जाणार ते खालच्या घरातल्या भांड्यांनिशी. उलट चाचांचे म्हणणे, खाली बसून पैसा येत नाही; दुकान मुख्य रस्त्यावर असेल तरच गिऱ्हाईक वळते. दोघांचेही बरोबर होते, हीच तर पंचाईत.

पुढे काय झाले ते उघड आहे. डेव्हिडला ईस्ट बेंगालने नेले. सप्टेंबर २०२४ मध्ये वरच्या लीगमधला पहिला सामना ०-१ ने गेला. दुसऱ्यात गोव्याविरुद्ध जिंकता जिंकता शेवटी बरोबरी झाली. तिसऱ्यात चेन्नईत जाऊन चेन्नईयिनला १-० ने हरवले; मिझोरामच्या फनाईचा गोल. त्या रात्री चाचांचा फोन आला. मी नुकताच बदली होऊन पुण्याला आलो होतो. "सांग दर्जीला," ते ओरडले. दर्जीभाई त्यांच्या शेजारीच बसलेले होते.

तो आनंद तीन महिने पुरवावा लागला. मोहन बागानने ३-० आणि पुढे ४-० ने धुतले. नोव्हेंबरात ईस्ट बेंगालचे दोन खेळाडू पहिल्या अर्ध्या तासातच लाल कार्ड घेऊन बाहेर गेले. अकरा विरुद्ध नऊ, एवढा वेळ हाताशी, तरी गोल झाला नाही, ०-०. माझा मुलगा त्या रात्री जेवला नाही. पत्नीने मला विचारले, "चाचींचा नंबर दे, ताट परत आलं की काय करायचं ते विचारते." जानेवारीत बंगळुरूत कासिमोव्हने अखेरच्या मिनिटांत फ्री किकवर गोल करून दुसरा विजय दिला. त्याच महिन्याच्या अखेरीस चेर्निशोव्ह सोडून गेले. खेळाडूंचे आणि त्यांचे पगार थकल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत होत्या. सूत्रे काश्मीरच्या मेहराजुद्दीन वाडू यांच्याकडे आली. हंगामाअखेर २४ सामने, २ विजय, १३ गुण, तेरा संघांत तेरावा क्रमांक. खाली ढकलण्याचा नियम लागू नव्हता म्हणून जागा वाचली.

पगाराच्या बातमीने चाचा जितके दुखावले तितके एकाही पराभवाने नाही. "घाम सुकण्याआधी मजुरी द्या, हे आपण मुलांना शिकवतो," ते फोनवर म्हणाले, "आणि आपल्या नावाच्या क्लबात पोरांना पगार मागावा लागतो?" मी म्हटले, पैसा गुंतवणाऱ्यांचे आणि क्लबचे आपसातले वाद असतील. "असतील. कासिमोव्हच्या घरचं भाडं त्या वादाने भरलं जातं का?" बँकवाल्याकडे उत्तर नव्हते.

मला वाटत होते दर्जीभाई आता 'मी म्हटले नव्हते का' सुरू करतील. नाही केले. चाचींनीच सांगितले, की किशोर भारती मैदानावरच्या घरच्या सामन्यांना चाचांना जिना चढवून वर नेणारे तेच होते. हरलेल्या सामन्यांनासुद्धा. आता त्यांचे म्हणणे बदलले आहे: वर गेलो ते बरोबर, पण बाहेरचे महागडे खेळाडू शोधण्याआधी मोहल्ल्यातली, मिझोराम-मणिपूरची पोरे धरा आणि वाडूंसारख्या इथल्या माणसाला दोन वर्षे निवांत द्या. चाचा म्हणतात, पोरे धरा, हरकत नाही, पण मागे उभा राहणारा एक दणकट परदेशी बचावपटू हवाच, नाहीतर पोरांचा जीव जाईल. यावर त्यांचे दोन दिवस बोलणे बंद होते. तिसऱ्या दिवशी चहा आला.

गेल्या ईदला मुलाने कपाटातून आपली पांढरी-काळी जर्सी काढली. दर्जीभाईंनी २०२४ च्या विजयानंतर स्वतः शिवून दिलेली. खांद्यात अडकली. त्याने फोटो काढून कोलकात्याला पाठवला. दहा मिनिटांत दर्जीभाईंचा निरोप आला: छाती, खांदा आणि उंचीचे माप पाठव, आणि दोन इंच जास्तच लिही.