हौसेच्या वस्तू आणि नकली माल

हौसेला मोल नाही, असे आपल्याकडे म्हणतात. हौसेच्या वस्तूला मात्र मोल असते, आणि ते देऊनही हाती खोटीच वस्तू आली म्हणजे काय होते, ह्याचा विचार आज करावयाचा आहे. विषय किरकोळ वाटेल. परंतु चंद्रपूर आणि १९८२ साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली, ह्या दोन्ही जंगलपट्टीच्या जिल्ह्यांत तो वाटतो तितका किरकोळ नाही.

आमच्या भागात हौशी माणसांची वाण नाही. ताडोब्याच्या मोहर्ली किंवा कोलारा फाटकाशी पहाटे कॅमेरे गळ्यात अडकवून उभी असलेली मंडळी आपण पाहतोच. शाळा-महाविद्यालयांतील मुले विज्ञान प्रदर्शनासाठी तपमापके आणि पर्जन्यमापके जुळवतात. झाडीपट्टीच्या रंगभूमीसाठी ध्वनिवर्धक बांधणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर तर देसाईगंज-वडशापासून गावोगाव आहेत. त्यांची हौस आणि त्यांचा धंदा ह्यांच्यामध्ये रेघ ओढणे कठीण. ह्या सर्वांना लागणारे सुटे भाग तालुक्याच्या दुकानात मिळत नाहीत. पूर्वी माणूस नागपूरला सीताबर्डीच्या गल्ल्यांत जाई, दुकानदाराच्या समोर मीटर लावून वस्तू पारखून घेई, आणि फसलाच तर पुढल्या खेपेस त्याच दुकानदाराशी भांडायला तरी जाई. आता मोबाइलवर बोट ठेवले की वस्तू घरी येते. सोय मोठी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण विकणारा कोण, तो कोठे बसतो, त्याने ती वस्तू कोठून आणली, ह्यांतले काहीच आपल्याला दिसत नाही. ज्या संस्थेच्या नावावर आपण विश्वास टाकतो ती बहुधा केवळ बाजार भरविणारी असते. ओटा तिचा, माल दुसऱ्याचा.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे, नाहीतर आपण निरपराध्यालाही चोर ठरवू. प्रत्येक स्वस्त वस्तू नकली नसते. इटलीतील इव्रेया ह्या गावी २००५ च्या सुमारास ‘आर्डुइनो’ नावाची एक छोटी यंत्रपट्टी निघाली. विद्यार्थ्यांचे अर्धेअधिक प्रयोग हल्ली तिच्यावर चालतात. तिचा आराखडा तिच्या कर्त्यांनी सर्वांना खुला ठेवला आहे. त्या आराखड्यावरून कोणी तशीच पट्टी बनवली आणि आपल्या नावाने विकली, तर त्यात लबाडी नाही. लबाडी सुरू होते ती दुसऱ्याचे नाव आणि चिन्ह छापले जाते तेव्हा, किंवा अंगी नसलेला गुण वेष्टनावर लिहिला जातो तेव्हा. गरीब विद्यार्थ्याने स्वस्त प्रतिकृती अवश्य घ्यावी. फक्त ती प्रतिकृती म्हणून विकली जात आहे ना, एवढे पाहावे.

सर्वांत अधिक फसवणूक, आमच्या मते, कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डात होते, आणि तिची रीत समजून घेण्यासारखी आहे. कार्डाच्या पोटात दोन गोष्टी असतात: माहिती साठविणारी चकती आणि तिचा कारभार पाहणारा एक लहान नियंत्रक. कॅमेरा नियंत्रकाला विचारतो, ‘तुझ्यापाशी जागा किती?’ नियंत्रक जे उत्तर देईल ते कॅमेरा खरे मानतो. लबाड माणूस आठ किंवा सोळा गिगाबाइटची चकती घेतो आणि नियंत्रकाला ‘मी पाचशे बारा आहे’ असे सांगायला शिकवतो. वर नामांकित कंपनीची छपाई केली की काम झाले. खरी जागा भरेपर्यंत कार्ड उत्तम चालते. ती भरल्यावर पुढची छायाचित्रे एकतर आधीच्या छायाचित्रांवर लिहिली जातात, किंवा कोठेच लिहिली जात नाहीत. गंमत अशी की यादीत त्यांची नावे दिसतात, आकारही दिसतो, कॅमेरा तक्रार करीत नाही. ओळखीच्या तलाठ्याने सातबाऱ्यावर पाच एकर लिहून द्यावे आणि प्रत्यक्षात बांधाच्या आत अर्धा एकरच निघावा, त्यातलाच हा प्रकार. मे महिन्यात पाणवठ्याशी तासन्‌तास बसून टिपलेली वाघीण आणि तिची पिल्ले घरी आल्यावर करड्या चौकोनांच्या रूपाने दिसतात, आणि ती पुन्हा टिपता येत नाहीत. कार्डाचे पैसे परत मिळतील. ती सकाळ मिळत नाही.

ही फसवणूक ओळखण्याचा उपाय एकच, आणि तो बिनखर्चाचा आहे. कार्ड काठोकाठ भरावयाचे आणि भरलेले पुन्हा वाचून ताडून पाहावयाचे. त्यासाठी संगणकावर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ आणि ‘एफ३’ ह्या नावांचे फुकट मिळणारे कार्यक्रम आहेत. वेळ मात्र लागतो. सेकंदाला वीस मेगाबाइट ह्या वेगाने चौसष्ट गिगाबाइटचे कार्ड भरायला सुमारे त्रेपन्न मिनिटे लागतात, आणि वाचण्याचा वेळ वेगळा. दोन-चार छायाचित्रे काढून ‘चालते बुवा’ म्हणणे ही परीक्षाच नव्हे. येथे एका गैरसमजाचाही उल्लेख करावासा वाटतो. चौसष्टचे कार्ड संगणकाला लावले की तो बहुधा साडेएकोणसाठच दाखवतो, आणि काही मंडळी तेवढ्यावरून दुकानदाराला दूषणे देतात. कार्ड बनविणारे गिगाबाइट म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात. संगणक मात्र सुमारे एकशे सात कोटी सदतीस लाख धरतो. माप दोन प्रकारचे आहे, चोरी नाही.

दुसरी वस्तू बॅटरीचा सेल. १८६५० ह्या आकड्याने ओळखला जाणारा लिथियमचा सेल आता विजेरीत, पॉवर बँकेत, मुलांच्या यंत्रमानवात सर्वत्र असतो. आकड्याचा अर्थ साधा आहे: व्यास अठरा मिलिमीटर, लांबी पासष्ट मिलिमीटर. एवढ्या नळकांड्यात आजच्या रसायनशास्त्राला सुमारे साडेतीन हजार मिलिअँपिअर-तासांहून फारशी अधिक वीज मावविता आलेली नाही. असे असता बाजारात ९९०० लिहिलेले सेल राजरोस विकले जातात. पायलीच्या मापात तीन पायल्या धान मावते असे कोणी सांगितले तर आपण हसू. पण वेष्टनावर छापलेला इंग्रजी आकडा पाहून हसू येत नाही, हा छापील अक्षराचा महिमा. चांगल्या सेलचे वजन पंचेचाळीस ते पन्नास ग्रॅमच्या आसपास भरते. सोनाराच्या किंवा टपाल कचेरीच्या काट्यावर तो तीस-पस्तीस भरला तर आत काय आहे ते उघड आहे. काही नकली सेल कापून पाहिले तेव्हा आत छोटा सेल आणि उरलेल्या जागेत भुकटी भरलेली आढळली आहे.

ह्यात केवळ हौशी माणसाचाच प्रश्न नाही. रानडुकरांपासून धान राखण्यासाठी रात्री बांधावर जाणारा शेतकरी डोक्याला जी विजेरी बांधतो, तिच्यातही हाच सेल असतो. ब्रह्मपुरीच्या बाजूला तर वाघ अभयारण्याच्या हद्दीबाहेर शेतशिवारात वावरतात. तेथे रात्रभर पुरेल म्हणून घेतलेला उजेड दोन तासांत विझणे ही गैरसोय नव्हे, धोका आहे. शिवाय हलक्या सेलात जादा भारापासून बचाव करणारी योजना नसली, तर तो तापतो आणि पेटतोही. भारतात लिथियमचे सेल आणि पॉवर बँका ह्यांना मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. मालावर ब्यूरोचे चिन्ह आणि ‘आर’ ह्या इंग्रजी अक्षरापुढे नोंदणी क्रमांक असतो. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ ह्या मोबाइलवरील सोयीत घालून पाहिला की खरा धनी कोण ते कळते. चिन्ह छापणे सोपे आहे, म्हणून क्रमांक पडताळल्याखेरीज नुसत्या चिन्हावर भिस्त ठेवू नये.

आता उन्हाळ्याचे. चंद्रपूरचा मे महिना सेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांवर जातो, आणि आपल्या गल्लीत नेमके किती तापले हे मोजण्याची हौस आमच्या मुलांना असते, ही फार चांगली गोष्ट आहे. त्यासाठी बहुतेक जण ‘डीएस१८बी२०’ नावाचा पोलादी टोपणातला संवेदक मागवतात. खऱ्या संवेदकाची चूक उणे दहा ते पंच्याऐंशी अंशांपर्यंत अर्ध्या अंशाच्या आत असते, असे त्याचा निर्माता हमीने सांगतो. बाजारात मात्र त्याच्या नकला इतक्या आहेत की हौशी अभ्यासकांनी त्यांचे प्रकार वर्गवारीने मांडून ठेवले आहेत. काही नकला बऱ्यापैकी अचूक असतात, काही नसतात. आपल्या हाती कोणती आली हे बाहेरून कळत नाही. पण निसर्गाने दोन फुकट मापे दिली आहेत. स्वच्छ पाण्याचा बर्फ ठेचून, त्यात थोडे पाणी घालून संवेदक दहा मिनिटे बुडवून ठेवावा; त्याने शून्य दाखवले पाहिजे. मग उकळत्या पाण्यात धरावा. चंद्रपूर समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास असल्यामुळे येथे पाणी शंभरपेक्षा किंचित कमी अंशाला, साडेनव्व्याण्णवच्या आगेमागे उकळते. आणि जाता जाता सांगतो, संवेदक अस्सल असला तरी तो भिंतीवर उन्हात टांगून ‘आज एक्कावन्न अंश’ म्हणून वर्तमानपत्राला कळविण्यात शहाणपण नाही. हवेचे तपमान सावलीत, खेळत्या वाऱ्यात, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटरवर मोजावयाचे असते. उन्हाने होणारी चूक नकली संवेदकाच्या चुकीहून मोठी असते.

झाडीपट्टीच्या कारागिरांसाठी थोडेसे. २एससी५२०० आणि २एसए१९४३ ही ट्रान्झिस्टरची जोडी मोठ्या ध्वनिवर्धकांत फार वापरतात, आणि म्हणूनच तिच्या नकला फार. नकलेच्या आत सिलिकॉनचा तुकडा लहान असतो. कार्यशाळेत हलक्या आवाजावर तो चालतो. रात्री दोन वाजता, नाटक रंगात आले असता, पूर्ण भार पडला की जळतो आणि पुष्कळदा कर्ण्यालाही घेऊन जातो. खात्रीच्या जुन्या ट्रान्झिस्टरच्या शेजारी नवा ठेवून धारकता मोजण्याच्या मीटरवर दोहोंच्या पायांमधली धारकता पाहावी. आतला तुकडा लहान असेल तर आकडा स्पष्टपणे कमी येतो.

नकलेचा दंड कधीकधी निरपराध्याला कसा भरावा लागतो, ह्याचे एक उदाहरण २०१४ साली घडले. स्कॉटलंडमधील एफटीडीआय नावाची कंपनी संगणक आणि इतर उपकरणे ह्यांना जोडणारी चिप बनवते. तिच्या नकला जगभर पसरल्या होत्या. कंपनीने आपल्या आज्ञावलीत अशी तजवीज केली की नकली चिप आढळली की तिची ओळखच पुसली जावी, आणि ही आज्ञावली विंडोजच्या नेहमीच्या सुधारणांबरोबर लोकांच्या संगणकांत शिरली. ज्यांनी चिप स्वतः निवडलीही नव्हती, तयार उपकरण भर किमतीला घेतले होते, त्यांची उपकरणे एकाएकी मुकी झाली. ओरड झाल्यावर ती आज्ञावली मागे घ्यावी लागली. कंपनीचा राग रास्त होता. शिक्षेची जागा चुकली, असे आम्हांस वाटते.

खरेदी करतानाची खबरदारी थोडक्यात सांगता येईल. किंमत पाहावी: काही शे रुपयांत एक टेराबाइट कोणीही देऊ शकत नाही. विकणाऱ्याचे नाव आणि पत्ता उघडून पाहावा; २०२० च्या ई-वाणिज्य नियमांप्रमाणे तो दाखविणे बाजारवाल्यावर बंधनकारक आहे. अभिप्राय वाचताना ‘छान, वेळेवर आले’ ह्या जातीचे सोडून द्यावेत आणि महिन्या-दोन महिन्यांनी लिहिलेले, तक्रारीचे, छायाचित्रांसह असलेले आधी वाचावेत. कधीकधी अभिप्राय भलत्याच वस्तूचे असतात. जुन्या पानावरची वस्तू बदलून त्यावरच नवी विकण्याची ही युक्ती आहे. शक्य तेथे निर्मात्याच्या अधिकृत विक्रेत्यांच्या यादीतूनच विकत घ्यावे.

मुदतीचा प्रश्न मात्र आपल्या भागात वेगळा आहे. माल परत करण्याची मुदत पुष्कळदा सात किंवा दहा दिवसांची असते. पुण्यामुंबईच्या माणसाला ती पुरते. भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने रस्ता बंद झाला की पार्सल न्यायला माणूसच येत नाही, आणि मुदत मात्र चालूच राहते. म्हणून पार्सल आल्या दिवशीच उघडावे, उघडताना मोबाइलवर चित्रण करावे, वर सांगितलेल्या परीक्षा त्याच दिवशी कराव्यात, आणि दोष दिसताच परतीची मागणी लेखी नोंदवून तिची प्रत ठेवावी. माल न्यायला उशीर झाला तरी मागणी मुदतीत केली, हे त्यावरून दाखविता येते.

ऐकले नाही तर पुढे काय? बाजारवाल्याच्या तक्रार अधिकाऱ्याने अठ्ठेचाळीस तासांत पोच दिली पाहिजे आणि महिन्यात निवारण केले पाहिजे, असा नियम आहे. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५. तेथेही निभले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. १९८६ च्या जुन्या कायद्यात तक्रार बहुधा विकणाऱ्याच्या गावी, किंवा व्यवहार जेथे घडला तेथे, करावी लागे. हजार रुपयांच्या कार्डासाठी एटापल्लीचा माणूस दिल्लीला थोडाच जाणार? २०१९ च्या कायद्याने हे बदलले. आता तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथील आयोगाकडे जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही, आणि दोन वर्षांपर्यंत तक्रार करता येते. बिल, चित्रण, परीक्षेचा निकाल आणि पत्रव्यवहार एवढे कागद जवळ असले म्हणजे पुरे.

राहता राहिली ती नकली वस्तूच. कार्ड मोडून टाकावे. सेलचे काय? तो कमी किमतीत शेजाऱ्याला देऊ नये, आणि उकिरड्यावर किंवा रानात तर मुळीच टाकू नये. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आमच्याकडे वणव्याचा हंगाम असतो, आणि मोहाच्या झाडाखालचा वाळला पाला पेटायला एक तापलेला सेल पुरतो. सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तो कोरड्या डब्यात ठेवावा आणि शहरात येणे होईल तेव्हा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा.