पाणी काचेसारखं, मग मासे गळाला का लागत नाहीत?

पाणी जितकं स्वच्छ तितके मासे जास्त, असं आपल्याला सहज वाटतं. तळाचा दगड न् दगड दिसतोय, म्हणजे मासाही दिसणार आणि मिळणार. प्रत्यक्षात बऱ्याचदा उलटं असतं. हे समजून घ्यायला आज अमेरिकेतल्या मीड जलाशयावर जाऊ या. नेवाडा आणि ॲरिझोना राज्यांच्या सीमेवर, वाळवंटाच्या मधोमध, कोलोरॅडो नदीवर हूवर धरण आहे (१९३५). त्याच्या मागे साठलेलं पाणी म्हणजे लेक मीड.

स्वच्छ म्हणजे उपाशी

पाण्याची पारदर्शकता मोजायची पद्धत अगदी साधी आहे. २० सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी चकती दोरीला बांधून खाली सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली नोंदवायची. हिला सेक्की चकती म्हणतात. मीडच्या मोकळ्या भागात ती कित्येक मीटर खाली जाईपर्यंत दिसत राहते. आपल्या उजनीत उन्हाळ्यात ती हातभर खाली गेली की हिरव्या पाण्यात गडप होते.

हा फरक येतो कुठून? पाणी हिरवं करतात ते वनस्पती प्लवक, म्हणजे तरंगणारी सूक्ष्म शैवालं. त्यांना वाढायला फॉस्फरस लागतो. कोलोरॅडो पूर्वी तांबड्या गाळाची नदी होती आणि फॉस्फरस त्या गाळाला चिकटून येई. १९६३ मध्ये वरच्या बाजूला ग्लेन कॅन्यन धरणात पाणी अडवायला सुरुवात झाली. गाळ तिथेच बसू लागला आणि खाली मीडला येणारं खत कमी झालं. शैवाल कमी, म्हणून ते खाणारे प्राणी प्लवक कमी. म्हणून ते खाणारा छोटा शॅड मासा कमी, आणि शेवटी शॅडवर जगणारा मोठा मासा हाडकुळा. १९८० च्या दशकाच्या शेवटी तर जलाशयाच्या एका फाट्यात होड्यांमधून चक्क द्रवरूप खत ओतून बघण्यात आलं!

म्हणजे मीडवर मासेमारी करणाऱ्याचा पहिला प्रश्न ‘मासा कुठे आहे?’ हा नाही. ‘खाणं कुठे आहे?’ हा आहे.

मग गळ टाकायचा कुठे?

शॅड इथे १९५० च्या दशकात सोडले गेले आणि त्यांच्यावर जगणारा स्ट्राइप्ड बास १९६९ मध्ये. बास शॅडच्या मागे फिरतो आणि शॅड प्लवकांच्या मागे. त्यामुळे अनुभवी लोक जिथे पाणी जरासं गढूळ किंवा हिरवट आहे तिथे जातात: नद्यांची मुखं, वाऱ्याने ढवळलेला काठ आणि लास व्हेगास वॉशचा परिसर. या वॉशमधून लास व्हेगास शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी जलाशयात येतं. शहराचं पाणी धरणात जाण्याची गोष्ट उजनीमुळे आपल्यालाही माहीत आहे. तिथे पोषकद्रव्यं अती झाली आहेत. इथे मोकळ्या पाण्यात ती इतकी कमी आहेत की थोडीशी भरही माशांना जाणवते.

दुसरी गोष्ट तापमानाची. उन्हाळ्यात वरचं पाणी तापून हलकं होतं आणि खालच्या थंड पाण्यात मिसळत नाही. या दोन थरांमधल्या पट्ट्याला थर्मोक्लाइन म्हणतात. मोठ्या बासला थंडावा हवा असतो, म्हणून तो दिवसा खोल राहतो. पहाटे किंवा संध्याकाळी बासचे थवे शॅडना खालून रेटत पृष्ठभागावर आणतात आणि पाणी उकळल्यासारखं दिसतं. तेव्हा होडी त्या थव्यात घुसवायची नाही. लांब थांबून आमिष पलीकडे फेकायचं.

दिसणं आणि लपणं

स्वच्छ पाण्यात माशालाही सगळं दिसतं. तुम्ही, होडीची सावली आणि तंगूससुद्धा. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, नायलॉनचा १.५ च्या वर, फ्लुरोकार्बनचा सुमारे १.४२. पाण्याच्या जितका जवळ, तितका प्रकाश कमी वळतो आणि दोरी कमी उठून दिसते. म्हणून इथे बारीक फ्लुरोकार्बन, लहान आमिष आणि लांब फेक. काठावरून गळ टाकत असाल तर बसून टाका. पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो, त्यामुळे माशाला काठावरचा उभा माणूस आपल्याला वाटतं त्यापेक्षा लवकर दिसतो.

रात्रीचं तंत्र मला सगळ्यात आवडतं, कारण त्यात अख्खी अन्नसाखळी एका जागी गोळा होते. प्राणी प्लवक दिवसा खोल जातात आणि अंधारात वर येतात. होडीखाली हिरवा दिवा सोडला की ते त्याच्याभोवती जमतात, त्यांच्यामागे शॅड येतात आणि उजेडाच्या कडेला, खाली अंधारात बास. आमिषाला अँकोव्हीचा तुकडा, तोही थेट उजेडात न सोडता कडेला, थोडा खोल.

स्वच्छतेची किंमत

जानेवारी २००७ मध्ये इथे क्वागा शिंपले सापडले. मूळचे युक्रेनकडचे, बोटांच्या पेरापेक्षा फार मोठे नाहीत, पण दिवसरात्र पाणी गाळत राहतात. ते गाळून खातात ते प्लवकच, म्हणजे शॅडच्या तोंडचा घास. त्यांची अळी डोळ्यांना दिसत नाही, होडीत राहिलेल्या पाण्यातून ती दुसऱ्या तलावात पोहोचते. म्हणून निघताना होडी धुणं, सगळं पाणी काढणं आणि ती पूर्ण वाळवणं, हे तिथलं सर्वात महत्त्वाचं ‘तंत्र’.

दुसरी बाजू रेझरबॅक सकर या मूळच्या स्थानिक माशाची. १९९१ पासून तो अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत आहे. खालच्या मोहावे जलाशयात तो अंडी घालतो, पण बाहेरून आणलेले मासे पिल्लं खाऊन टाकतात. मीडमध्ये मात्र काही पिल्लं नैसर्गिकरीत्या वाढून मोठी होतात. गढूळ मुखं आणि बुडालेली झुडपं त्यांना आडोसा देतात, असं संशोधकांना वाटतं. म्हणजे आपल्याला ‘घाण’ वाटणारं पाणी त्यांच्यासाठी घर आहे. हा मासा गळाला लागला तर लगेच परत सोडायचा.

आणि हा आडोसाही पाण्याच्या पातळीवर अवलंबून आहे. २००० पासूनच्या दुष्काळाने जलाशय आटत गेला. जुलै २०२२ मध्ये पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे १०४० फुटांवर आली. पहिल्यांदा भरत असताना, १९३७ च्या सुमारास, ती तिथे होती. होड्या उतरवायचे उतार कोरडे पडले, मासे पकडायच्या जागा बदलल्या, कालची खोल खाडी आज वाळू झाली. पण उघड्या पडलेल्या काठावर झुडपं उगवतात आणि पाणी परत चढलं की तीच बासच्या आणि सकरच्या पिल्लांना लपायला होतात.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या धरणाचं निळंशार पाणी बघून ‘वा, काय निरोगी पाणी आहे!’ असं म्हणाल, तेव्हा एक प्रश्न जोडा: यात खायला काय आहे, आणि कोणाला?