वाफेची गोफण आणि पोलादी तार : ‘विक्रांत’ आणि दाबोळीच्या तळाचा परिचय

नौदलाच्या हवाई शाखेचा इतिहास हा मुख्यतः उतरण्याचा इतिहास आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. जहाजावरून विमान उडवणे तुलनेने लवकर साधले. परंतु तेच विमान, लाटांवर हेलकावे खाणाऱ्या आणि स्वतः पुढे धावत असलेल्या जहाजाच्या आखूड पाठीवर परत आणून थांबवणे, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळण्यास जवळजवळ चाळीस वर्षे लागली आणि त्यासाठी अनेक वैमानिकांना प्राण गमवावे लागले. भारताने १९६१ साली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका, म्हणजे जिच्या वरच्या सपाट मजल्याचाच धावपट्टी म्हणून उपयोग होतो अशी युद्धनौका, आपल्या ताफ्यात घेतली आणि पुढे तिच्या विमानांचे किनाऱ्यावरचे घर गोव्यात दाबोळी येथे वसले. परभणीपासून दाबोळी पाचशे किलोमीटरहून अधिक दूर आहे आणि गोदावरी व पूर्णेच्या काठच्या माणसाचा समुद्राशी संबंध एरवी पर्यटनापुरताच येतो. तरीही या नौकेचे यंत्र समजून घेण्यासाठी लागणारी उपमा त्याच्या शिवारातच सापडते, हे पुढे दिसेल.

या प्रयोगांची सुरुवात अमेरिकेत झाली. १४ नोव्हेंबर १९१० रोजी यूजीन ईली या बिगरलष्करी वैमानिकाने व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ ‘बर्मिंगहॅम’ या क्रूझरवर उभारलेल्या, सुमारे २५ मीटर लांबीच्या उतरत्या लाकडी फलाटावरून विमान उडवले. फलाट सुटताच विमान इतके खाली आले की त्याची चाके आणि पंखा पाण्याला लागला, पण ते कसेबसे सावरून किनाऱ्यावर उतरले. १८ जानेवारी १९११ रोजी याच ईलीने सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात ‘पेनसिल्व्हानिया’ या जहाजावर विमान उतरवले. त्यासाठी फलाटावर आडवे २२ दोर ताणले होते, प्रत्येक दोराच्या दोन्ही टोकांना सुमारे २३ किलो वजनाच्या वाळूच्या पिशव्या बांधल्या होत्या आणि विमानाच्या पोटाखाली आकडे बसवले होते. आकड्यांत दोर अडकत गेले, पिशव्या ओढल्या गेल्या आणि विमान थांबले. ईलीला पोहता येत नव्हते, म्हणून त्याने अंगाभोवती सायकलच्या फुगवलेल्या ट्यूब गुंडाळल्या होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एका हवाई प्रदर्शनात त्याचा मृत्यू झाला. दोर, वाळू आणि आकडा यांची ही जुळणी आज गावठी वाटेल; मात्र आजही जगातील बहुतेक मोठ्या विमानवाहू नौकांवर विमान थांबते ते याच तत्त्वावर, फक्त दोराच्या जागी पोलादी तार आणि वाळूच्या जागी तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा आली आहे.

ईलीची दोन्ही जहाजे उभी होती. चालत्या जहाजावरून उड्डाण करण्याचा मान ब्रिटिश नौदलाच्या चार्ल्स सॅमसन याच्याकडे मे १९१२ मध्ये गेला. चालत्या जहाजावर उतरण्याचा मान मात्र पहिले महायुद्ध ऐन भरात असताना, २ ऑगस्ट १९१७ रोजी, एडविन डनिंग याला मिळाला. ‘फ्यूरियस’ या नौकेचा केवळ पुढचा भाग सपाट होता आणि मध्ये जहाजाचा मनोरा उभा होता, त्यामुळे डनिंगला जहाजाच्या बाजूने उडत येऊन ऐनवेळी आडवे सरकत डेकवर, म्हणजे त्या सपाट मजल्यावर, यावे लागले. तेथे उभ्या असलेल्या सहकाऱ्यांनी विमानाला लावलेले पट्टे हातांनी पकडून ते खाली खेचले. पाचच दिवसांनी पुन्हा तोच प्रयत्न करताना त्याचे विमान कठड्यावरून समुद्रात कोसळले आणि तो बुडाला. मध्ये मनोरा असलेले जहाज या कामाचे नाही, हा धडा त्यातून घेतला गेला आणि १९१८ मध्ये टोकापासून टोकापर्यंत सपाट डेक असलेली ‘आर्गस’ तयार झाली.

दोन महायुद्धांमधील काळ विक्रमांचा गणला जातो. मे १९१९ मध्ये अमेरिकी नौदलाच्या ‘एनसी-४’ या पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने, अल्बर्ट रीड याच्या नेतृत्वाखाली, अझोर्स बेटांवर थांबे घेत अटलांटिक प्रथमच ओलांडला. वाट चुकू नये म्हणून मार्गावर ओळीने युद्धनौका उभ्या केल्या होत्या. १९२३ मध्ये त्याच नौदलाच्या डेव्हिड रिटनहाउस याने समुद्री विमानांच्या शर्यतीचा प्रतिष्ठेचा श्नायडर चषक ताशी सुमारे २८५ किलोमीटर वेगाने जिंकला आणि ४ जून १९३० रोजी अपोलो सूचेक याने उघड्या विमानातून ४३,१६६ फूट उंची गाठली. या विक्रमांचे कौतुक वृत्तपत्रांनी भरपूर केले, परंतु ते अल्पायुषी ठरले. रीडच्या पराक्रमावर तर महिन्याभरातच अल्कॉक आणि ब्राउन या ब्रिटिश वैमानिकांच्या विनाथांबा उड्डाणाने पडदा टाकला. ब्रिटिश नौदलाचे एरिक ब्राउन यांचा विक्रम वेगळ्या जातीचा आहे. ३ डिसेंबर १९४५ रोजी ‘ओशन’ या नौकेवर त्यांनी पहिल्यांदा जेट विमान उतरवले आणि सेवाकाळात डेकवर एकूण २,४०७ वेळा विमाने उतरवली. हा आकडा अद्याप कोणी मागे टाकलेला नाही. नौदलाच्या वैमानिकाचे मोजमाप त्याने किती वेळा परत येऊन दाखवले यावर करावयाचे असेल, तर पहिले नाव ब्राउन यांचेच घ्यावे लागते.

जेट विमाने जड आणि वेगवान असल्यामुळे जुने डेक अपुरे पडू लागले. सरळ डेकवर उतरणाऱ्या विमानाचा आकडा तारेत अडकला नाही, तर समोर उभ्या असलेल्या विमानांवर आदळण्याखेरीज त्याला दुसरी वाट नसे. १९५० नंतरच्या काही वर्षांत ब्रिटिश नौदलातील मंडळींनी यावर तीन उपाय शोधले. डेनिस कॅम्बेल यांनी उतरण्याची पट्टी जहाजाच्या मध्यरेषेपासून किंचित तिरकी काढण्याची कल्पना मांडली, त्यामुळे तार चुकलेले विमान मोकळ्या समुद्रावरून सरळ पुढे उडून जाऊन पुन्हा फेरी घेऊ शकते. निकोलस गुडहार्ट यांचा आरसा वैमानिकाला प्रकाशाचा एक गोळा दाखवतो. तो गोळा बाजूच्या दिव्यांच्या रेषेत दिसला तर उतार बरोबर, वर दिसला तर विमान वर आहे आणि खाली गेला तर विमान धोक्यात आहे. तिसरा उपाय कॉलिन मिचेल यांचे वाफेवर चालणारे कॅटापुल्ट हा होय.

कॅटापुल्ट म्हणजे जहाजाची गोफण, आणि ही उपमा नुसती शोभेची नाही. जोंधळ्याच्या राखणीला माळ्यावर उभा असलेला माणूस गोफणीची एक दोरी बोटात अडकवून ठेवतो आणि नेमक्या क्षणी दुसरी सोडतो, तेव्हा गुंडा सुटतो आणि गोफण हातात राहते. कॅटापुल्टमध्ये डेकखाली लांब नळ्या असतात, त्यांत बॉयलरची वाफ सोडली की दट्ट्या पुढे झेपावतो आणि डेकच्या खाचेतून वर आलेली त्याची घोडी तारेच्या फासाने विमानाला ओढत नेते. टोकाशी घोडी थांबते, फास गळून पडतो आणि विमान सुटते. वाफेचा दाब प्रत्येक विमानाच्या वजनाप्रमाणे आणि त्या क्षणीच्या वाऱ्याप्रमाणे ठरवावा लागतो. दाब कमी पडला तर विमान थेट जहाजाच्या नाकासमोर पाण्यात जाते आणि वरून जहाज येते.

भारताने १९५७ मध्ये ब्रिटनकडून ‘हर्क्युलीस’ ही युद्धकाळात बांधायला घेऊन अपुरी राहिलेली नौका विकत घेतली आणि बेलफास्ट येथील हार्लंड अँड वुल्फच्या गोदीत ती पूर्ण करताना हे तिन्ही उपाय तिच्यात बसवून घेतले. इतरांनी चुकत-माकत मिळवलेले ज्ञान भारताला एकाच खरेदीत मिळाले. या व्यवहाराचे श्रेय मराठी लेखनात फारसे दिले जात नाही, ते द्यायला हवे. सुमारे २१३ मीटर लांबीची ही नौका ४ मार्च १९६१ रोजी विजयालक्ष्मी पंडित यांच्या उपस्थितीत, कॅप्टन प्रीतमसिंग महिंद्रू यांच्या हाताखाली, ‘विक्रांत’ या नावाने नौदलात दाखल झाली. तिच्यासाठी दोन स्क्वॉड्रन, म्हणजे विमानांच्या तुकड्या, उभारण्यात आल्या होत्या : सी हॉक या लढाऊ जेटची ३०० क्रमांकाची ‘पांढरे वाघ’ ही तुकडी आणि पाणबुड्या शोधणाऱ्या फ्रेंच अलिझे विमानांची ३१० क्रमांकाची ‘कोब्रा’ ही तुकडी. १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट राधाकृष्ण हरिराम ताहिलियानी यांनी सी हॉक तिच्यावर उतरवले आणि ‘विक्रांत’वर उतरलेले ते पहिले जेट ठरले. हेच ताहिलियानी १९८४ ते १९८७ या काळात नौदलप्रमुख होते.

नोव्हेंबर १९६१ मध्ये ‘विक्रांत’ मुंबईस पोहोचली आणि पुढच्याच महिन्यात गोवा मुक्त झाला. पोर्तुगीजांनी दाबोळीच्या पठारावर बांधलेला विमानतळ नौदलाकडे आला आणि तमिळनाडूतील सुलूर येथे स्थापन झालेला ‘हंसा’ हा नौदलाचा हवाई तळ १९६४ मध्ये तेथे हलवण्यात आला. गोव्याला विमानाने जाणारा मराठी प्रवासी दाबोळीला उतरतो तेव्हा तो वस्तुतः नौदलाच्या धावपट्टीवर उतरत असतो, ही गोष्ट त्याच्या क्वचितच लक्षात येते.

‘विक्रांत’ची खरी परीक्षा १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धात झाली आणि तिचे मूळ बॉयलरमध्ये होते. १९७० मध्ये तिच्या बॉयलरच्या पाण्याच्या पिंपांना तडे गेल्याचे आढळले. ते डाग देऊन बुजवता येण्यासारखे नव्हते आणि बदली पिंपे देशात मिळत नव्हती. अखेर वाफेचा दाब प्रति चौरस इंच ४०० पौंडांवर मर्यादित ठेवून नौका चालवण्याचे ठरले, तेव्हा तिचा वेग सुमारे २४ नॉटवरून १४ नॉटवर आला. नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. हे केवळ संथपणाचे दुखणे नव्हते. विमान उडवताना नौका वाऱ्याकडे तोंड करून पूर्ण वेगाने धावते, कारण तिचा वेग आणि समोरचा वारा यांची बेरीज विमानाच्या पंखांना मिळते. त्या बेरजेतून १० नॉट वजा झाले, आणि कॅटापुल्टला लागणारी वाफही त्याच दुखऱ्या बॉयलरमधून यायची होती. अशा नौकेला मुंबईत बांधून ठेवणे कोणालाही शहाणपणाचे वाटले असते. तरीही ती बंगालच्या उपसागरात नेण्यात आली, आणि ४ डिसेंबर १९७१ रोजी तिच्यावरून सुटलेल्या आठ सी हॉकनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील कॉक्सबझारच्या विमानतळावर हल्ला केला. त्यानंतर चितगाव, खुलना आणि मोंगला या बंदरांवरही हल्ले झाले. या कामगिरीसाठी लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता यांना महावीरचक्र मिळाले. ४ डिसेंबर हा नौदल दिन म्हणून पाळला जातो तो त्याच रात्रीच्या कराचीवरील क्षेपणास्त्र-हल्ल्यासाठी, त्यामुळे त्या दिवशीची आठवण सांगताना पूर्वेकडची ही वाफेची गोष्ट बहुधा मागे पडते.

पुढे गोफण आणि तार दोन्ही अनावश्यक करणारे विमान आले. सरळ खाली उतरू शकणारे हॅरियर १९७२ मध्ये ‘विक्रांत’वर प्रात्यक्षिकासाठी आले होते, सी हॅरियर डिसेंबर १९८३ मध्ये दाबोळीत दाखल झाले. त्याच्यासाठी ‘विक्रांत’चे कॅटापुल्ट काढून टोकाला वर वळलेला उतार, म्हणजे स्की-जंप, बसवण्यात आला. १९८७ मध्ये आलेली ‘विराट’ही याच पद्धतीने चालली.

तार परत आली ती ‘विक्रमादित्य’ या नौकेबरोबर आणि देशी बनावटीच्या तेजसच्या नौदल आवृत्तीमुळे. दाबोळीच्या तळावर जमिनीवरच स्की-जंप आणि अडवणाऱ्या तारा बसवून जहाजाच्या डेकची प्रतिकृती तयार करण्यात आली आहे. चाचणी वैमानिक कमोडोर जयदीप मावळणकर यांनी २० डिसेंबर २०१४ रोजी या उतारावरून विमान उडवले, १३ सप्टेंबर २०१९ रोजी तेथील तारेत विमान अडकवून थांबवले आणि ११ जानेवारी २०२० रोजी तेच काम ‘विक्रमादित्य’च्या डेकवर, सुमारे ९० मीटर अंतरात, करून दाखवले. ईलीच्या वाळूच्या पिशव्यांना तेव्हा एकशे नऊ वर्षे पूर्ण होण्यास आठवडा बाकी होता. नव्या ‘विक्रांत’वर, जी २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत नौदलात दाखल झाली, हे विमान फेब्रुवारी २०२३ मध्ये उतरले.

जुन्या नौकांचे जतन करण्याच्या बाबतीत मात्र महाराष्ट्राचा हिशेब तोट्याचाच आहे. ‘विक्रांत’ काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, ती २०१४ मध्ये भंगारात विकली गेली. ‘विराट’ सिंधुदुर्गात निवतीजवळ ठेवण्याच्या ८५२ कोटी रुपयांच्या प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०१८ मध्ये मंजुरी दिली होती. सप्टेंबर २०२० मध्ये ती नौका तोडण्यासाठी गुजरातमध्ये अलंगला पोहोचली. त्यामुळे ही सगळी गोष्ट डोळ्यांनी पाहायची तर दाबोळी विमानतळापासून जवळच बोगमाळो येथे १९९८ मध्ये उघडलेले नौदल हवाई संग्रहालय गाठावे लागते. तेथे सी हॉक, अलिझे आणि सी हॅरियर आवारात मांडलेली आहेत. गोव्यास जाणाऱ्या वाचकाने तेथे अर्धा दिवस काढावा आणि सी हॉकच्या शेपटीखाली वाकून तो आकडा पाहावा.